गुरुजींचं न थांबणारं यंत्र

माझ्या दुकानात जळालेल्या मोटारी यायच्या. शहाद्याच्या एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत सदतीस वर्षं मी मोटारी भरल्या. पण वर्षा-दोन वर्षांतून एखादा माणूस असा यायचा, की त्याची मोटार जळालेली नसायची. त्याला ती कायमची चालवायची असायची, तीही विजेशिवाय. ही माणसं मला फार आवडायची, म्हणून आज त्यांच्याबद्दल लिहितो.

आधी मोटार भरणं म्हणजे काय ते सांगतो, कारण शहरातल्या वाचकांना वाटतं की मोटारीत काहीतरी ओततात. मोटारीच्या पोटात लोखंडी खाचा असतात आणि त्या खाचांत तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवलेले असतात. व्होल्टेज कमी झालं किंवा पंपात गाळ अडकला की तार तापते, तिच्यावरचं वार्निश जळतं आणि मोटार काळी ठिक्कर पडते. मग जुनी तार छिनीने काढायची, वेढे मोजायचे, तेवढेच वेढे नव्या तारेचे घालायचे, वार्निश पाजून उन्हात वाळवायचं. एकाही वेढ्याची चूक खपत नाही. केळीला पाणी द्यायचं असलं की शेतकरी स्टुलावर बसून राहायचा आणि मोटार हातात पडेपर्यंत हलायचा नाही. माझ्या हातची मोटार तीन उन्हाळे काढायची, हे मी सांगायची गरज नाही, पण सांगतो.

ह्या कामात माणूस एक गोष्ट रोज हाताने शिकतो. चालू मोटारीच्या अंगाला हात लावा. ती कोमट लागते. ही ऊब कुठून आली? जी वीज आत गेली, तिच्यातलीच थोडी पाणी उपसायच्या ऐवजी ऊब होऊन बाहेर निघाली. म्हणजे मोटारीला दहा दिले तर ती आठाचं काम करते. त्या आठावर डायनॅमो फिरवला तर तो सहाची वीज देतो. आता सहावर तीच मोटार चालवा बघू. चक्कीवर दहा शेर दाणे नेले तर दहा शेर पीठसुद्धा घरी येत नाही, थोडं जात्याला चिकटतं, थोडं हवेत उडतं. बारा शेर येईल असं म्हणणारी बाई अजून मला भेटली नाही. पण मोटारीच्या बाबतीत तसं म्हणणारे पुरुष पुष्कळ भेटले, आणि शिकलेले भेटले.

एक एसटीचे ड्रायव्हर होते, निवृत्तीला आलेले. त्यांचं म्हणणं, बसची सहाही चाकं दिवसभर फुकट फिरतात. प्रत्येक चाकाला डायनॅमो लावला, तर त्या विजेवर बस चालेल आणि डिझेल लागणार नाही. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. माझ्या सायकलला टायरला घासून चालणारा डायनॅमो होता. म्हटलं, एक चक्कर तो वर उचलून मारा, एक चक्कर टायरला टेकवून मारा. स्टँडला दोन फेऱ्या मारून घामाघूम होऊन परत आले.

"जड लागस," म्हणाले.

"मग बसलाही जड लागेल की."

ते हसले, आणि पुढं दोन वर्षं येता-जाता मला चहा पाजत राहिले.

दुसरा एक मनुष्य लाऊडस्पीकरची चुंबकं जमवून चाक बनवायचा. चाकाला हात देऊन फिरवायचं, ते गरगर फिरायचं, मग हळू व्हायचं आणि थांबायचं. दर खेपेला तो म्हणायचा, एकच चुंबक कमी पडतंय. ही ह्या सगळ्यांची खूण आहे. यंत्र जवळजवळ चालत असतं आणि फक्त एक वस्तू कमी असते. मी चेष्टा करायचो, पण कुणाला हाकलून कधी दिलं नाही. ज्या भागात शेतीची वीज दिवसातून आठ तास येते, तिथं माणसाने न थांबणाऱ्या यंत्राचं स्वप्न बघितलं तर त्याला हसण्यात काय मोठेपणा?

आता नथ्थू गुरुजींचं सांगतो. खरं म्हणजे त्यांच्यासाठीच लिहायला बसलो.

नथ्थू गुरुजी रनाळ्याचे. घरची चांगली शेती, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मास्तरकी केलेली. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. निवृत्त झाल्यावर ते एक दिवस गोणपाटात गुंडाळलेला जुना डायनॅमो घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, हा भरून द्या, ह्याच्यावर बॅटरी चार्ज करायची आहे, बॅटरीवर इन्व्हर्टर, इन्व्हर्टरवर मोटार, आणि मोटारीने परत हाच डायनॅमो फिरवायचा आहे. मला पहिल्याच वाक्याला कळलं की ही आपल्या ओळखीची जात. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, गुरुजी, हे होणार नाही. पण समोर मास्तर, पांढरं धोतर, काम चोख सांगणारा माणूस. मी म्हटलं, बघा करून. ह्या दोन शब्दांचं मला आजही वाईट वाटतं.

कारण हे काही त्यांचं वेड नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी सुनंदा सातपुड्यात, काठी गावाच्याही पुढे, एका उपकेंद्रात नर्स आहे. दोन खोल्या, एक पाण्याची टाकी, आजूबाजूला डोंगरभर विखुरलेले पाडे. बाळंतपणाला बाया तिच्याकडेच येतात. तिथली वीज एकदा गेली की कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. उपकेंद्राच्या इन्व्हर्टरची बॅटरी कधीचीच संपलेली. एका पावसाळ्यात तिने दाईच्या दातात मोबाईल धरायला देऊन त्या उजेडात बाळंतपण केलं, आणि फोनवर आपल्या बापाला तसं सांगितलं. त्या दिवसापासून गुरुजी कामाला लागले.

चार वर्षं ते लागलेले होते. मधूनमधून बेअरिंग, पट्टा, कार्बन असलं काही न्यायला यायचे. काय झालं विचारलं तर म्हणायचे, दोन तास चालतं आणि बसतं. मी मान हलवायचो.

मग एका उन्हाळ्यात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, बारा-तेरा दिवस आधी, गुरुजी दुकानात आले ते उभेच राहिले.

"मिस्तरी, चाली ऱ्हायनं. सहा महिना व्हई गयात, थांबं नही."

मी हातातला हातोडा खाली ठेवला. ते मला बोलवायला आले होते. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी यंत्र टेम्पोत घालून सुनंदाच्या उपकेंद्रावर न्यायचं ठरलं होतं. गावच्या पंचांनी नारळ फोडायचं ठरवलं होतं. सुनंदालाही कळवलं होतं. नेण्याआधी बेअरिंग आणि जोडण्या मी एकदा डोळ्यांखालून घालाव्यात, एवढीच त्यांची मागणी.

दुसऱ्या दिवशी तापीचा पूल ओलांडून रनाळ्याला गेलो. त्यांच्या शेतातल्या विहिरीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये यंत्र होतं. दोन मुलं उभी राहतील एवढी लांब लाकडी घोडी, तिच्यावर अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार, मधे उसाच्या जुन्या चरख्याचं अवजड लोखंडी चाक, पलीकडे मी भरलेला डायनॅमो. खाली बॅटरी, शेजारी स्टुलावर इन्व्हर्टर. सगळ्याला हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूची वाळलेली माळ अजून लटकत होती. दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते, गुरुजींनी यंत्राचीही केली होती. बसायला त्यांनी माझ्यासाठी खाट टाकली. बांधावर सात-आठ माणसं जमलेली. सगळे त्यांचेच विद्यार्थी, मिशा पिकायला लागलेले.

थोड्या वेळाने विहिरीवरचा पंप घरघरत बंद पडला.

"लाईट गयी," गुरुजी म्हणाले. "आते देखा. लोके म्हनतस मशीन लाईटवर चालस. म्हनीसन लाईट ऱ्हायनी तं मी लावतच नही." म्हणजे लाईट गेली की लावायचं आणि परत येईपर्यंत चालवायचं, आणि सहा महिन्यांत ते मधे एकदाही बसलं नव्हतं.

त्यांनी बटण दाबलं. चाक सावकाश उचललं, मग वेग घेतला आणि एका लयीत फिरू लागलं. वर टांगलेले तीन बल्ब पेटले. पंप मेलेला, आणि शेडमध्ये लख्ख उजेड. अर्धा तास झाला, तास झाला. बांधावरची माणसं माझ्याकडे बघत होती.

खोटं कशाला सांगू, त्या तासाभरात माझाही पाय घसरला. आपण आयुष्यभर दहाचे आठ आणि आठाचे सहा म्हणत आलो, आणि आपल्याला न कळलेलं काहीतरी ह्या मास्तराला सापडलं की काय, असं वाटलं. आणि वाईट नाही वाटलं. आनंद झाला. सुनंदाचं उपकेंद्र डोळ्यांसमोर आलं.

मग माझ्या कानाने मला सावरलं. बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर गुणगुणतो. त्याच्यावरची मोटारही जरा कण्हत चालते. ही मोटार मात्र अगदी गोड चालत होती, आणि इन्व्हर्टर गप्प होता. मी उठून त्याच्यावर तळहात ठेवला. बॅटरीवर एवढा वेळ मोटार ओढणारा इन्व्हर्टर तापलेला असतो. हा थंड होता. समोरचे त्याचे तीन छोटे दिवे दिसत नव्हते, कारण तिथं नेमकं कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं होतं. अंगठ्याने कुंकू पुसलं. मधला दिवा हिरवा होता. हिरवा म्हणजे बाहेरची वीज चालू.

इन्व्हर्टरची वायर हाताने चाचपत गेलो. ती पंपाच्या पेटीमागच्या प्लगमध्ये होती.

न थांबता कधीपासून चालतंय, असं मी विचारलं.

"दसरापाईन. दसराले हाई चाक बसाडं, पूजा करी. तधळपाईन थांबनं नही."

शेडच्या पलीकडे नवी वस्ती दिसत होती, दहा-बारा घरं. तिथे वीज कधी आली असं बांधावरच्या एकाला विचारलं. तो म्हणाला, दसऱ्याच्याच आसपास. त्या घरांसाठी लाईनीवर आता तीनपैकी एक फेज कायम ठेवतात, शेतीची वीज गेली तरी.

आमच्याकडच्या माणसाशिवाय ही चूक कुणी केली नसती. शेतकऱ्याच्या तोंडी लाईट गेली म्हणजे पंप बंद पडला. पंपाला तीन फेज लागतात, त्यातली एक राहिली तरी पंपाच्या दृष्टीने अंधारच. गुरुजी चार वर्षं पंपाकडे बघून लाईट आहे की गेली ते ठरवत होते. पहिल्या चार्जिंगसाठी लावलेला प्लग त्यांनी काढला नव्हता, कारण लाईट गेल्यावर त्या वायरीत काही नसतं हे त्यांना ठाऊक होतं. दसऱ्यापर्यंत ते खरंही होतं.

सगळ्यांसमोर बोलायला माझी जीभ उचलेना. मी गुरुजींना म्हटलं, ह्या लोकांना घरी जाऊ द्या, मला जरा शांतपणे तपासायचं आहे. ते गेले. मग मी त्यांना प्लग दाखवला, टेस्टर लावून दाखवला. टेस्टर पेटला. तीस वर्षं शिकवलेला माणूस, दोनदा सांगावं लागलं नाही.

"हा प्लग काढू का?" मी विचारलं.

"तू नको. मी काढस."

त्यांनी प्लग काढला. यंत्र चालूच राहिलं. त्यांनी झटकन माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत जी आशा होती ती मला सोसवली नाही. मी म्हटलं, गुरुजी, आता बॅटरीवर आहे. इन्व्हर्टर गुणगुणायला लागला होता.

दुपारचे बारा वाजले होते. आम्ही खाटेवर बसलो. घरून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा आला, तो खाल्ला. गुरुजी मधेच सांगत होते.

"पोरगी माले फोनवर सांगे, आबा, अंधारमा बाळ गुलाबी शे का निळं, समजत नही. तधळपाईन मन्हा डोकामा हाईच."

पाऊण वाजता बल्ब पिवळट झाले. सव्वाला चाकाचा आवाज बदलला. पावणेदोनला इन्व्हर्टर टूं टूं करून बंद पडला, चाक नुसत्या जडपणावर आणखी जरा वेळ फिरलं आणि उभं राहिलं. गुरुजी उठून त्याच्याजवळ गेले आणि चाकावर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस खचला. चार वर्षं गेली, गावात शोभा होणार, पोरीला काय सांगणार.

मी म्हटलं, चूक माझी. पहिल्या दिवशी मी सांगायला हवं होतं.

त्यांनी ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. वळले आणि म्हणाले, "मंग वर काय लई जावानं?"

ह्या एका प्रश्नासाठी मी त्या माणसाला हात जोडतो. त्यांनी पंचांना स्वतः जाऊन सांगितलं की यंत्र चालत नाही, मी चुकलो. कुणी हसलं नाही म्हणतात, आणि कुणी हसलंच असेल तर तो त्यांचा विद्यार्थी नसेल.

पुढचे आठ दिवस माझ्या दुकानात आम्ही दोघांनी काम केलं. चाक, मोटार, डायनॅमो सगळं काढून टाकलं. राहिली बॅटरी आणि इन्व्हर्टर. त्याला उन्हावर वीज करणारी सोलरची एक पाटी जोडली. उपकेंद्रात बाळाला ऊब द्यायचा मोठा दिवा असतो, तो फार वीज खातो, म्हणून तेवढीच वीज खाणारे बल्ब लावून आम्ही घड्याळ घेऊन बसलो. तीन वेळा मोजलं. बॅटरी पूर्ण भरलेली असली, तर उजेड आणि ऊब मिळून चार तास. एकदा चार तास वीस मिनिटं भरली, पण गुरुजी म्हणाले, चारच सांगायचं.

आखाजीनंतर आम्ही टेम्पोने वर गेलो. मोहाच्या झाडांखाली बाया टोपल्या घेऊन बसल्या होत्या, घाटात गाडी दोनदा तापली. सुनंदा बारकीशी, चटपटीत बाई. तिने बापाच्या पाया पडून लगेच बॅटरी कुठे ठेवायची ते सांगितलं. पाटी छपरावर बसवून, जोडण्या करून दोन दिवस आम्ही तिथेच राहिलो. गुरुजींनी तिला यंत्राचं सगळं खरं फोनवर आधीच सांगितलं होतं, तरी समोरासमोर तिच्याशी बोलताना त्यांची नजर खाली होती.

निघायच्या दिवशी दुपारी एक बाई आली. वरच्या पाड्यावरची, पहिलटकरीण, बरोबर सासू आणि दाई. सुनंदाने तिला आत घेतलं. तेवढ्यात वीज गेली. आमचा दिवा लागला. दाईने भिलीत काहीतरी विचारलं, सुनंदाने भिलीतच उत्तर दिलं. थोड्या वेळाने ती हात पुसत बाहेर आली.

"आबा, खरं सांगा. कितला टाईम ऱ्हाई?"

"चार तास," गुरुजी म्हणाले. मग जरा थांबून, "बॅटरी पुरी भरेल नही अजून. साडेतीन धर."

सुनंदाने घड्याळ बघितलं. बाहेर ढग नव्हते, पण ऊन कलायला लागलं होतं.

"हिनं पहिलं शे, आठ तास तरी लागतीन. उजेड नही पुरावाव. मी हिले खाले धाडस."

तिने जीपसाठी फोन केला, कागद लिहिले, बाईला घोंगडीवर निजवून दाईला बरोबर दिलं. तासाभराने जीप घाट उतरून गेली. आम्हीही त्यानंतर निघालो.

शहाद्यात पोचलो तोवर रात्र झाली होती. स्टँडसमोर रस पीत होतो तेव्हा सुनंदाचा फोन आला. मूल आडवं होतं. खालच्या दवाखान्यात ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. वर राहिली असती तर काही करता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

गुरुजींनी फोन खिशात ठेवला. ग्लास तसाच हातात.

"मिस्तरी," ते म्हणाले, "मी ते मशीन वर लई जातू, तं सुनंदा तिले तठेच ठेवती."

मी हो म्हटलं.

त्यांनी रस संपवला, तोंड पुसलं. बस लागली तेव्हा विचारलं, "चारना आठ करता ई का?"

"येईल," मी म्हटलं. "पण आणखी एक बॅटरी लागेल, आणखी एक पाटी लागेल."

"लागू दे," गुरुजी म्हणाले, आणि बसमध्ये चढले.